बीजतळ्यावरची भरती

इस्तारी मारबते यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छातीभर पाण्यात उभे होते. १९९६ साली माझी बदली चिचटोल्याच्या शाळेत झाली. मूल या तालुक्याच्या गावी एसटीतून उतरलो, भाड्याची सायकल घेतली आणि धानाच्या बांध्यांमधून बारा किलोमीटर आत आलो. तलावाच्या पाळीवर पोहोचल्यावर शाळा कुठे आहे ते विचारायला थांबलो. पाण्यातल्या माणसाने जाळं सोडलं नाही. तिथूनच त्याने शाळेची वाट सांगितली, खोल्या किती, त्यातल्या गळक्या किती, चौथीत पोरं किती हेही सांगितलं, आणि वर मलाच विचारलं, "गुरुजी, तुमाले पोहता येते काय?" मला येत नव्हतं. "मंग पाळीवरून जपून जाजा," एवढं म्हणून तो पुन्हा जाळं ओढायला लागला.

गावातली चाळीस-पन्नास घरं ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, बाकी शेतकरी. तलाव जुना, मोठा, आणि मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे. इस्तारीभाऊ त्या संस्थेचे सचिव. सातवी शिकलेले, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने सडपातळ, आणि बोलताना हात कधी स्वस्थ नाहीत. डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती पुरी होईपर्यंत ते जेवायला बसले तरी अर्ध्यावर उठायचे. त्यांची बायको शकुबाई म्हणायची की या माणसाला ताटावर बसवणं म्हणजे कोंबडीला डालीखाली कोंडण्यासारखं आहे.

तरुणपणी ते चंद्रपूरकडच्या एका कारखान्यात हमालीच्या जागेसाठी गेले होते. तिथे लेखी पेपर झाला. त्यात जगातल्या सगळ्यात लांब नदीचं नाव विचारलं होतं. यांना आलं नाही, घरी परतले. मनात राग धरला नव्हता, पण तो किस्सा सांगताना दरवेळी ते खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारायचे, "पोतं उचलाले लंबी नदी काऊन लागते, गुरुजी?" आपणही पोरांना तसंच विचारतो, एवढं मला माहीत होतं.

१९९८ साली संस्थेने ठरवलं की माशांचं तयार बीज दरवर्षी बाहेरून आणण्यापेक्षा अगदी लहान बीज आणायचं आणि ते इथेच वाढवायचं. त्यासाठी पाळीखाली एक छोटं तळं खोदलं. बीजतळ्यात पिल्लं दोन-तीन महिने वाढवायची आणि बोटाएवढी झाली की मोठ्या तलावात सोडायची, असा बेत होता. त्या तळ्याची देखरेख करायला एक माणूस नेमायचा होता. संस्थेचे अध्यक्ष बापूराव. त्यांनी आपला भाचा धनराज याचं नाव घेतलं, सभेने माना हलवल्या, आणि धनराज नोकरीला लागला. त्याला काय येतं, काय नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही त्या सभेला होतो, मीही विचारलं नाही.

धनराज वाईट मुलगा नव्हता. दहावी झालेला, तेवीस वर्षांचा, कामाला तत्पर. तेच नडलं. भर दुपारी जीपमधून बीजाच्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू भरलेला आणि आत सुईच्या टोकाएवढी हजारो पिल्लं. धनराजने उत्साहाने एकामागून एक पिशव्या फाडल्या आणि तळ्यात ओतल्या. पिशवीतलं पाणी थंड होतं, तळ्यातलं तापलेलं. संध्याकाळपर्यंत तळ्यावर पांढरी साय धरल्यासारखा थर आला. एक लाख पिल्लं होती, त्यांतली शंभरही वाचली नाहीत. बायका काठावर उभ्या राहून पाहत होत्या. धनराज तळ्यातच बसून होता, गळ्यापर्यंत पाण्यात. शेवटी म्हाताऱ्या झाडूने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. झाडू म्हणजे गावातला सगळ्यात जुना कोळी, साठीच्या पुढचा. त्यानंतर धनराज तलावाकडे फिरकलेला कुणी पाहिला नाही.

पुढच्या जून महिन्यात संस्थेची सभा भरली. तळ्यावर आता कोणाला ठेवायचं? तीन नावं आली. एक सदस्याचा मेव्हणा, एक पुतण्या, एक व्याही. बापूराव वही उघडून बसले. तेवढ्यात इस्तारीभाऊ उठले आणि म्हणाले की आपण परीक्षा घेऊ. ज्याला काम येते तो राहील, मग तो कुणाचा का असेना.

सभा हसली. पण मागच्या वर्षीची पांढरी साय सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. बापूरावांनी थोडा विरोध केला, पण फार ताणलं नाही, कारण त्यांच्याच भाच्याने केलेलं सगळ्यांना आठवत होतं. ठराव झाला. परीक्षा कशी असते हे माहीत असलेला गावात मी एकटाच, म्हणून पेपर काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी मन लावून पेपर काढला. पन्नास गुणांचा. माशाच्या शरीराचे भाग, प्राणवायू म्हणजे काय, जिल्ह्यातल्या नद्या, थोडं गणित, थोडं व्याकरण. इस्तारीभाऊंना दाखवला तर त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की हा पेपर आधी आपल्याच माणसांना देऊन बघू. ज्यांना काम येतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, त्यांना. मला ते विचित्र वाटलं. परीक्षेचीच परीक्षा कुठे असते?

दुसऱ्या दिवशी शाळेत झाडू आणि आणखी दोन पट्टीचे कोळी पाटावर बसले. झाडूला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याची उत्तरं मी लिहून घेतली. इस्तारीभाऊंच्या आग्रहाखातर तोच पेपर मीही सोडवला. तपासला तेव्हा मला शेहेचाळीस पडले, झाडूला सात.

इस्तारीभाऊंचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं ते निराश होतील. ते उठून वर्गात येरझाऱ्या घालायला लागले.

"गुरुजी, हे लय भारी झालं. या पेपरात तुमी पास अन् झाडूभाऊ नापास. म्हंजे तळ्यावर तुमाले ठेवाचं. तुमी रोहू अन् कतला वेगळा करू शकता काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग पेपर फाडा."

मी फाडला. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट पंधरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला कळलं की प्रश्न विचारणं हे काम आहे आणि ते मला नीट येत नाही.

पुढचे दहा दिवस इस्तारीभाऊंनी गाव डोक्यावर घेतलं. जो भेटेल त्याला एकच विचारायचे: चांगला माणूस तळ्यावर असं काय करतो, जे वाईट माणूस करत नाही? जाळं विणणाऱ्यांना, मासे विकायला मूलच्या बाजारात जाणाऱ्या बायकांना, दुसऱ्या गावच्या संस्थावाल्यांना, कुणालाही. सुचलं की कागदाचा कपटा घेऊन धावत शाळेत यायचे, मी फळ्यावर शिकवत असलो तरी खिडकीतून आत टाकायचे. कपट्यांचा ढीग झाला. मग आम्ही दोघांनी बसून तो चाळला. ज्या गोष्टी महिनाभरात शिकवता येतील त्या काढून टाकल्या. ज्या चुकल्या तर बीज मरतं, त्या ठेवल्या. शेवटी तीनच उरल्या.

पहिली गोष्ट पिशवी. उमेदवाराच्या हातात बीजाची एक लहान पिशवी द्यायची आणि एवढंच सांगायचं, हे पाण्यात सोडा. दुसरी मोजणी. लहानग्या गाळणीवाटीने पिल्लं कशी मोजायची, एका वाटीवरून सगळा आकडा कसा काढायचा. तिसरा तोंडी प्रश्न: आभाळ भरलेलं आहे, वारा नाही, सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करून राह्यले, तुम्ही काय कराल?

पिशवीच्या परीक्षेसाठी शकुबाईने जुन्या मच्छरदाण्या फाडून पेटीसारखे चौकोनी पिंजरे शिवले. ते मोठ्या तलावात बांबूंना बांधायचे, प्रत्येक पिंजऱ्याला एक नंबर. प्रत्येकाने आपली दोनशे पिल्लं आपल्या पिंजऱ्यात सोडायची आणि दुसऱ्या सकाळी जिवंत किती ते मोजायचं. कुणाच्या मताचा प्रश्नच नाही, पिल्लंच निकाल देतील.

ही परीक्षाही आम्ही आधी आमच्यावर घेतली. झाडू, एक कोळी, मी आणि किराणा दुकानदार. झाडूने पिशवी न उघडता पाण्यावर ठेवली आणि बिडी ओढत बसला. अर्ध्या तासाने गाठ सोडली, तलावाचं थोडं थोडं पाणी आत घेतलं, आणि पिल्लं आपणहून बाहेर पोहत गेली. मी चांगला विचार करून, अगदी हळू हाताने, पण लगेचच ओतली. दुसऱ्या दिवशी झाडूची एकशे पंच्याण्णव जिवंत, दुसऱ्या कोळ्याचीही जवळपास तेवढीच, माझी अठ्ठावन्न, दुकानदाराची एकोणचाळीस. आम्ही दोघं नापास झालो आणि इस्तारीभाऊंनी पाळीवरच मला मिठी मारली. आपण नापास झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात परत कधी झाला नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. गावचा रहिवासी, वय अठरा पूर्ण, बस्स. जुलैच्या मधल्या रविवारी परीक्षा. त्या सकाळी पाळीवर जत्रा भरली होती. धानाच्या रोवणीचे दिवस, तरी बायका चिखलाच्या पायांनी बांध्यांतून उठून आल्या. अकरा उमेदवार आले.

त्यांत मंगली होती. पस्तिशीची, नवरा वारल्यापासून मासळी विकून घर चालवणारी, टोपलीत नजर टाकून मासे किती ते सांगणारी. बाई कशी काय, म्हणून दोघाचौघांनी कुरकुर केली. इस्तारीभाऊंनी त्यांना भिंतीवरची नोटीस वाचायला पाठवलं. ते वाचून आले आणि गर्दीत मागे जाऊन उभे राहिले.

सगळ्यात शेवटी धनराज आला. सायकल पाळीखाली टेकवली, मान खाली घालून येऊन रांगेच्या टोकाला उभा राहिला. पाळीवरचा गलका एकदम थांबला आणि मग दुपटीने उसळला. एक लाख पिल्लं मारून पोट भरलं नाही काय, असं कुणीतरी ओरडलं. बापूराव पुढे झाले आणि त्यांनीच भाच्याला घरी जायला सांगितलं. त्यांना भीती होती की याचं खापर आपल्या डोक्यावर फुटेल. धनराज हलला नाही.

इस्तारीभाऊ मध्ये आले. नोटिशीत लिहिलं आहे त्यात हा बसतो, म्हणून हाही बसेल, एवढंच त्यांनी सांगितलं. पण त्यांचा चेहरा मला वाचता आला. धनराजने येऊ नये असं त्यांनाही वाटत होतं.

नंबर मी वाटले. कोणाचा कोणता नंबर ती यादी फक्त माझ्या खिशात. गुण देणार इस्तारीभाऊ, म्हणून त्यांना कोणी काय केलं हे दिसता कामा नये. ही युक्तीही त्यांचीच. परीक्षा चालू असेपर्यंत ते शाळेत फळ्याकडे तोंड करून बसणार होते. शकुबाई दारात पहाऱ्याला. ती मला नंतर सांगत होती की तीन तासांत ते पन्नास वेळा उठले आणि पन्नास वेळा तिने त्यांना बसवलं. पाळीवर आरडाओरडा झाला की ते फळ्यालाच विचारायचे, काय झालं असंल?

पाळीवर मी आणि झाडू होतो. अकरा जणांना अकरा पिशव्या मिळाल्या. चौघांनी लगेच गाठी सोडल्या. एकाने दाताने प्लास्टिक फाडलं. एकाने पिशवी पाण्यात बुडवून बराच वेळ घुसळली, त्याला कुणीतरी अर्धवट सांगितलं असावं. मंगलीने झाडूसारखीच पिशवी तरंगत ठेवली आणि शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. धनराजने पिशवी ठेवली आणि तिच्यावर सावलीसाठी आपला रुमाल धरला. तास होत आला तरी त्याने गाठ सोडली नाही. काठावरून टोमणे येत होते. तो अधूनमधून एक हात पिशवीच्या प्लास्टिकवर आणि एक हात पाण्यात ठेवायचा, जसं आई पोराचं अंग तापलंय का पाहते तसं. मग मोजणी झाली, मग मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एकेकाला तोंडी प्रश्न विचारून उत्तरं नंबर टाकून लिहून घेतली. मासे वर येत असतील तर जास्त खाणं टाकीन, असं पाच जणांनी सांगितलं. खाणं बंद करीन, पाणी काठीने बडवीन आणि ताजं पाणी सोडीन, असं चौघांनी.

दुसऱ्या सकाळी इस्तारीभाऊ उजाडताच पाण्यात उतरले. एकेक पिंजरा उचलून मोजत होते आणि आकडा ओरडून सांगत होते. तीन नंबर, एकशे वीस. पाच नंबर, एकवीस. चार नंबर, एकशे सत्त्याण्णव. सात नंबर मोजताना ते दोनदा थांबले, पुन्हा मोजलं, आणि ओरडले, "एकशे नव्याण्णव. गुरुजी, दोनशेत एकच मेला." पाळीवरून टाळ्या पडल्या. सगळे एकमेकांना विचारत होते की सात नंबर कोण.

सगळे गुण मांडले. पन्नासपैकी सात नंबरला सत्तेचाळीस, चार नंबरला शेहेचाळीस, बाकीचे बरेच मागे. मी खिशातून यादी काढली. मला ते आधीच माहीत होतं. सात नंबर धनराज, चार नंबर मंगली.

पाळीवर आग लागल्यासारखं झालं. अध्यक्षाचा भाचा पहिला, मग परीक्षेचं नाटक कशाला? नंबर बदलले. गुरुजी फितूर. बापूराव सगळ्यांहून मोठ्याने ओरडत होते की मला हा निकाल मान्य नाही, माझं नाव यात आणू नका. धनराज एका बाजूला उभा होता.

इस्तारीभाऊ ओल्या अंगाने मध्ये उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना धक्का बसला होता हे खरं, पण पुढच्याच क्षणी डोळ्यांत ती ओळखीची लकाकी आली. त्यांनी दोन्ही हात वर केले. विश्वास नसेल तर पुन्हा घेऊ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आत्ताच, असं ते म्हणाले. बीजाच्या दोन मोठ्या पिशव्या उरल्या आहेत. धनराज एक घेईल, मंगली एक. आता पिंजरे नकोत, समोर बीजतळंच आहे, तिथेच सोडा. पाहू दे गावाला.

सगळं गाव पाळीवरून खाली उतरून तळ्याभोवती गोळा झालं. पोरं झाडांवर चढली. पिशव्या आणल्या. दोघांनी त्या पाण्यावर ठेवल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मंगली शांत होती. धनराज मात्र पिशवीकडे पाहतच नव्हता. तो पाण्याकडे पाहत होता. त्याने ओंजळ भरली, वास घेतला, सोडून दिली. पुन्हा भरली. मग तो काठावर आला आणि सरळ शकुबाईकडे गेला.

"काकी, दोन मडकी भेटतीन काय?"

शकुबाईने धावत जाऊन दोन मडकी आणली. धनराजने एकात बीजतळ्याचं पाणी भरलं, दुसऱ्यात पाळीवर चढून मोठ्या तलावाचं. ती सावलीत ठेवली. मग आपल्या पिशवीची गाठ सोडून, हळूहळू पाणी मिसळून, प्रत्येक मडक्यात वीसेक पिल्लं सोडली, पिशवी परत बांधली आणि मडक्यांशेजारी मांडी घालून बसला. लोकांना काही कळेना. बापूराव ओरडले की अरे सोड आता, तमाशा काऊन करून राह्यला. धनराजने वर पाहिलंही नाही. मंगली पिशवी धरून उभी होती, ती त्याच्याकडे पाहत होती. तिचा हात गाठीवर गेला होता, तो तिने मागे घेतला.

अर्ध्या तासाच्या आत झाडू मडक्यावर वाकला आणि ताठ झाला. तलावाच्या पाण्यातली पिल्लं भिरभिरत होती. तळ्याच्या पाण्यातली एका कुशीवर कलंडायला लागली होती. एक, दोन, मग सात-आठ. गाव एकमेकांच्या खांद्यांवरून मडक्यात डोकावत होतं.

आता धनराज बोलला. फार मोठ्याने नाही, पण मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू आलं.

"भाऊ, तळ्यात मोहाची ढेप टाकली होती ना? मरळ माराले? किती दिस झाले?"

इस्तारीभाऊंनी कपाळावर हात मारला. बीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी मासे मारायला मोहाची ढेप, म्हणजे मोहाच्या बियांतून तेल काढल्यावर उरलेला चोथा, टाकतात. तिचं विष पाण्यात पंधरा-वीस दिवस राहतं. ढेप टाकून बाराच दिवस झाले होते, आणि ती टाकली होती खुद्द इस्तारीभाऊंनी आणि झाडूने. मूळ बेत अजून आठवडाभराने बीज सोडायचा होता. परीक्षेच्या भरात ते दोघंही विसरले होते. पाणी वरून स्वच्छ दिसत होतं. धनराज आणि मंगलीने पिशव्या सोडल्या असत्या तर याच तळ्यावर मागच्या वर्षीसारखीच पांढरी साय धरली असती.

मंगलीने आपली बांधलेली पिशवी उचलली, ती मोठ्या तलावातल्या पिंजऱ्यांकडे नेली, आणि परत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "मी तं सोडून देल्ली असती. नोकरी त्याले द्या."

इस्तारीभाऊ हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. त्यांना हसताना पाहून झाडू हसला, मग तळ्याभोवतीचं सगळं गाव हसायला लागलं, बापूरावसुद्धा. हसू आवरल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, कागद काढा. लिवा, इस्तारी मारबते, शून्य गुण." मी खरंच लिहिलं. तो कागद माझ्या पेटीत अजून आहे.

मग सगळ्यांनी धनराजला घेरलं आणि विचारलं की हे तो शिकला कुठे. तो लाजत लाजत सांगू लागला. मागच्या श्रावणात, त्या दुपारनंतर महिनाभराने, तो सायकलवर तीस किलोमीटर लांबच्या एका बीजकेंद्रावर गेला होता. मला ठेवा, पगार नको, असं म्हणाला. त्यांनी हाकललं. तो परत गेला. शेवटी पिशव्या उचलायला ठेवलं. दिवाळीपर्यंत, मग उन्हाळ्यात पुन्हा, तो दर आठवड्याला दोन दिवस जायचा. घरी सांगायचा की रोजगाराला चाललो. मेलेली पिल्लं डोळ्यांपुढून हलत नव्हती, असं तो म्हणाला आणि खाली वाकून मडकी उचलू लागला. बापूरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आठवडाभराने विष उतरल्यावर धनराजने बीज सोडलं. आधी मडक्यात तपासून, मगच. कार्तिकात बीजतळ्यात जाळं ओढलं तेव्हा मंगली मोजायला बसली होती, कारण मोजणीच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण होते आणि पुढच्याच सभेत संस्थेने तिलाही कामावर घेतलं होतं. बोटाएवढी, चांदीसारखी चमकणारी पिल्लं घमेल्याघमेल्याने मोठ्या तलावात गेली. संख्या ऐकून झाडूने तिला दोनदा मोजायला लावलं. तिने दोनदा मोजली. आकडा तोच आला.

ही बातमी तळ्यातळ्यावरून फिरली. दुसऱ्या गावच्या संस्था इस्तारीभाऊंना बोलावू लागल्या. ते पिंजरे, वाट्या आणि पिशव्या घेऊन सायकलवर जायचे. प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तिथल्याच जाणत्या माणसांवर परीक्षा तपासून बघायचे, आणि जो प्रश्न कामाच्या माणसाला येत नाही तो काढून टाकायचे. एका गावात तर सगळेच प्रश्न काढून टाकावे लागले आणि ते मोठ्या उत्साहात घरी आले, कारण तिथलं पाणी वेगळं होतं आणि नव्याने सगळं शिकायला मिळणार होतं.

२००३ साली त्यांना कुरखेड्याहून बोलावणं आलं. तिथे बायकांची एक संस्था जंगलातला मोह, म्हणजे मोहाची फुलं, गोळा करून विकत होती. माल घेताना तो पारखायला एक माणूस नेमायचा होता, ओला मोह आत आला तर सगळी पोती सडतात. मला सुट्टी होती, मीही सोबत गेलो. एसटीत मी त्यांना सांगितलं की भाऊ, तुम्हाला मोहातलं काय कळतं, इथे तुमची परीक्षा चालायची नाही. ते म्हणाले, म्हणूनच तर चाललो.

गोदामासमोरच्या अंगणात चटयांवर मोह पसरला होता आणि इंदिराबाई नावाच्या साठीच्या बाई तो पाहत बसल्या होत्या. वीस वर्षं त्याच पारखत आल्या होत्या, आता डोळे साथ देत नव्हते. संस्थेच्या बायांनी आमच्यासाठी खुर्च्या टाकल्या, चहा आणला, आणि परीक्षा कधी घेणार असं विचारलं. इस्तारीभाऊ खुर्चीवर बसलेच नाहीत. ते सरळ चटईवर इंदिराबाईंशेजारी उकिडवे बसले. बाईंनी मूठभर मोह उचलला, दाबला आणि हात उघडला. अर्धी फुलं सुटी झाली, अर्धी चिकटून राहिली. त्यांनी ती बाजूला टाकली.

"बाई," इस्तारीभाऊ म्हणाले, "हे टाकून देल्लं ते काऊन? हळूहळू सांगजा. मले काईच येत नाई."

इंदिराबाईंनी त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. मग पदर सावरला, त्यांचा उजवा हात ओढून घेतला, त्यात मूठभर मोह ठेवला आणि म्हणाल्या, "दाब."